आजोबांची हर्क्युलस

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचचा गजर लावून उठलो. रिलीज नाही, क्लायंटचा कॉल नाही, तरीही रविवारी पहाटे उठलो हे बघून घरच्यांना जरा काळजीच वाटली. कारण काय, तर जुन्या सायकलींची फेरी! नाशिकरोडहून निघायचं, देवळाली कॅम्प, भगूर, दारणेचा पूल आणि पुढे पांढुर्लीपर्यंत जाऊन परत. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. मित्राच्या मित्रांनी ठरवलेली साधी फेरी होती. बॅनर नाही, टी-शर्ट नाही, मेडल तर नाहीच. नियम एकच, ब्रेक सळीचे हवेत. म्हणजे वायरचे ब्रेक, गिअर, डिस्क वगैरे असलेल्या सायकली बाद.

माझ्याकडे अशी सायकल आहे. आजोबांची हर्क्युलस. गेली वीस वर्षं ती आमच्या गॅलरीत, जुन्या कूलरच्या मागे उभी होती. महिनाभरापूर्वी बाहेर काढली, चाकांचा आऊट काढून घेतला, टायर-ट्यूब बदलल्या, तेलपाणी केलं. आता रंग काढून परत नवीन करावी, मडगार्डला क्रोम मारून घ्यावं असाही विचार होता. त्या विचाराचं काय झालं ते शेवटी सांगतो.

आम्ही अकरा जण होतो. तीन हर्क्युलस, दोन अॅटलस, एक बीएसए, एक सेन-रॅले आणि एक खास पाहुणी म्हणजे हंबर. हंबर ओळखायची खूण सोपी. तिचा पुढचा फोर्क दुहेरी नळ्यांचा असतो. बाकीच्यांत हीरो आणि एक कुठलीच ओळख न उरलेली सायकल. शिवाय एक तरुण मुलगा कार्बनची फ्रेम असलेली लाखभराची सायकल घेऊन ‘मी नुसता मागे मागे येतो’ म्हणून आला होता.

आता थोडा इतिहास. (कंटाळा येत असेल तर खाली दारणेच्या पुलापर्यंत स्क्रोल करा, मी रागावणार नाही.)

सायकलचा जन्म साधारण १८१७ चा. जर्मनीत कार्ल फॉन द्रायस नावाच्या गृहस्थांनी दोन चाकांचा लाकडी गाडा बनवला. त्याला पायडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत पळायचं. मग पायडल आलं, मग ते पुढचं चाक राक्षसी मोठं असलेलं प्रकरण आलं, आणि १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ बनवली. दोन सारखीच चाकं, मागच्या चाकाला चेन, मध्ये बसायची जागा. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकल जवळजवळ पूर्ण झाली. त्यानंतर आजपर्यंत जे झालं ते बहुतेक सगळं बग फिक्सिंग आणि नवे फीचर्स. मूळ आर्किटेक्चर तेच!

गंमत म्हणजे त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर, पंप, इंजिनं बनवणारा किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे आणि थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. एकेका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवायचे वर पंधरा रुपये, असं सांगतात. त्या काळचे सातशे रुपये! म्हणजे सायकल तेव्हा साहेबांची, संस्थानिकांची आणि बड्या वकिलांची चैन होती. आज आपण जिला गरिबाचं वाहन म्हणतो ती अशी वरून खाली आली आहे.

नाशिकची गोष्ट जरा वेगळी. इथे गाव एकीकडे आणि रेल्वे स्टेशन आठ-नऊ किलोमीटर दुसरीकडे. हे अंतर कसं कापायचं हा नाशिककरांचा कायमचा प्रश्न. (आजही आहे, द्वारका चौकात उभं राहून बघा.) १८९० च्या आसपास यावर तोडगा म्हणून चक्क ट्राम सुरू झाली होती, घोड्यांनी ओढायची. मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. ती १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली. टांगे होतेच. पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाला टांगा परवडत नाही. त्याला सायकलच हवी.

आणि रोज कामावर जाणारी माणसं नाशिकरोडला भरपूर होती, कारण तिथे सिक्युरिटी प्रेस होता. आपल्या देशाची टपाल तिकिटं आधी लंडनहून छापून यायची. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला छापखाना उभा राहिला आणि १९२६ पासून तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. आमचे आजोबा १९५२ साली प्रेसमध्ये लागले आणि चार वर्षांनी त्यांनी ही हर्क्युलस घेतली. प्रेसचा भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा, आणि त्यात आपले वडील कुठले हे ओळखायला आत्या आणि बाबा कोपऱ्यावर उभे राहायचे. बाबा म्हणतात, चेहरा दिसायच्या आधी घंटी ओळखू यायची.

इथे मला एक मजेशीर गोष्ट सापडली. १९३७ साली याच नाशिकच्या प्रेसने सहाव्या जॉर्जच्या काळातली एक सुंदर तिकीटमाला छापली. टपाल कसकसं पोचतं हे दाखवणारी. दोन आण्याच्या तिकिटावर पळत जाणारा हरकारा. अडीच आण्यावर बैलगाडी. तीन आण्यावर टांगा, साडेतीनवर उंट, चार आण्यावर रेल्वे, सहा आण्यावर आगबोट, आठ आण्यावर मोटार आणि बारा आण्यावर विमान.

बघा बरं काय राहिलं?

सायकल! तारवाले तेव्हाही सायकलवर फिरत होते. ती तिकिटं छापणारी, मोजणारी, गठ्ठे बांधणारी माणसं सायकली दाराबाहेर लावून आत येत होती. पण मालिकेत उंट आला, सायकल नाही आली. मुद्दाम वगळली असेल असं मी म्हणत नाही. मला वाटतं ती कोणाच्या डोळ्यातच आली नसेल. उंट म्हणजे चित्र, विमान म्हणजे प्रगती. सायकल म्हणजे काय? दाराबाहेर लावलेली असते ती.

ही गोष्ट डोक्यात ठेवून आपण दारणेच्या पुलाकडे जाऊ.

देवळाली कॅम्पातून सकाळी सायकल चालवणं म्हणजे सुख आहे. मोठी झाडं, पारशी-गुजराती लोकांची जुनी सॅनेटोरियम, उतरत्या कौलांचे बंगले आणि मध्येच लष्कराच्या पाट्या. इंग्रजांच्या काळात मायदेशी जायची बोट मिळेपर्यंत गोरे सोल्जर इथे महिनोन्‌महिने पडून राहायचे, आणि कंटाळून वेडे व्हायचे म्हणे. म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, ते आपल्या देवळालीवरून. आमच्यातल्या बीएसएवाल्याने इथे थांबून मुद्दाम फोटो काढला, कारण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मूळचा बंदुकांचा कारखाना, आणि खूण म्हणजे एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका. तोफखान्याच्या गावात बंदूकवाली सायकल.

पण आमच्यातल्या बहुतेक हर्क्युलस-बीएसए विलायती नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली. मग इंग्लिश कंपन्यांनी इथल्या उद्योजकांशी हातमिळवणी केली. १९४९ मध्ये मद्रासला मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स काढली आणि हर्क्युलस मद्रासी झाली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना आला. सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस. आणि १९५६ मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, गिनीज बुकात जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून हीरोचं नाव लागलं. अॅटलसचा शेवट मात्र वाईट झाला. साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिवस होता तो.

या सगळ्यांनी एक शहाणपणा केला. सायकल बदलली नाही. २८ इंची चाक, दीड इंची टायर, सळीचे ब्रेक, मागे कललेली फ्रेम, वीस-बावीस किलो वजन. हे डिझाईन इंग्लंडमध्ये म्हातारं झालं होतं, पण आपल्या रस्त्यांना तेच बरोबर होतं. लांब आणि कललेली फ्रेम खड्ड्यातला धक्का पाठीपर्यंत येऊ देत नाही. माझ्या सायकलला पुढे ४४ दाते आहेत, मागे १८. म्हणजे एका पायडलला जवळपास साडेपाच मीटर. मिनिटाला पन्नास वेळा पायडल मारलं की ताशी सोळा किलोमीटर. हिशोब इतका साधा की भाजी विकणाऱ्यालाही तोंडपाठ होता, फक्त तो आकड्यांत नव्हता.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचं फार कौतुक. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला कोड आज चालला तरी आम्ही पार्टी मागतो. इथे मद्रासमध्ये सत्तर वर्षांपूर्वी बनलेल्या सायकलला लुधियानात परवा बनलेला टायर बसतो. कुठलंही अपडेट नाही, लायसन्स नाही, ‘हे व्हर्जन आता सपोर्टेड नाही’ असा निरोप नाही.

याचा अनुभव लगेच आला. भगूर सोडलं, (सावरकरांचं जन्मगाव, त्यांच्या वाड्यावर आम्ही येताना थांबलो) दारणेचा पूल ओलांडला, आणि चढ लागल्यावर माझ्या उजव्या पायडलमधून टक् टक् आवाज येऊ लागला. कॉटर सैल झाली होती. कॉटर म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट धरून ठेवणारी बोटभर लांबीची पिन. ती गेली की पाय फिरतो आणि सायकल जागेवर. सायकल हातात धरून चालत चालत पुढच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथे निंबाखाली पंक्चरचं दुकान. दुकानदाराने बघितलं, काही न बोलता डब्यातून नवी कॉटर काढली, कानशीने घासली, बसवून पाहिली, परत घासली आणि हातोडीचे चार ठोके मारले. दहा मिनिटं. वीस रुपये.

इथे माझ्या मनात लेख तयार व्हायला लागला होता. जुनं ते सोनं, नवीन ते तकलादू, वगैरे. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्या कार्बनवाल्या मुलाच्या सायकलला दिवसभरात काहीही झालं नाही. बाभळीचा काटा घुसला तर टायरने तो स्वतःच बुजवला. तो शिट्टी वाजवत आमच्या पुढे जायचा आणि झाडाखाली वाट बघत बसायचा.

आणि माझ्या लेखाची उरलेली हवा दुकानापाशी बसलेल्या एका बाबांनी काढली. पांढरी टोपी, वय ऐंशीच्या पुढे. माझ्या सायकलकडे बराच वेळ बघत होते.

“हर्कुलिस ना ही?”

“हो बाबा. माझ्या आजोबांची.”

“आमच्याकडं बी होती. दोन किटल्या ह्या अंगाला, दोन त्या अंगाला. रोज पहाटं चारला दूध घेऊन कॅम्पात. सॅनेटोरियमला, हाटेलांना. पाऊस असो, थंडी असो. वीस वर्षं.”

मी हिशोब केला. चार किटल्या म्हणजे सायकलच्या दुप्पट वजन तरी सहज. पावसाळ्यात हा रस्ता, तोही कच्चा असताना.

“मग कुठे आहे ती आता?”

“इकली. लुना घेतली तव्हा.”

लुना म्हणजे फिरोदियांच्या कायनेटिकची पुण्याची मोपेड. १९७२ मध्ये आली. महाराष्ट्रात दूधवाल्याची सायकल तिने सोडवली, आणि पुढे एम-एटीने. त्या जुन्या सायकलीला मी इतका वेळ मायेने ‘ती’ म्हणत होतो, म्हणून मी (मूर्खासारखा) विचारलं, “बाबा, आठवण येते का तिची?”

ते हसले. “सायकलीची? न्हाई बा. म्हशीची येती.”

मग त्यांनी उजवा गुडघा दाखवला. तो वाकत नाही. दुकानदार म्हणाला, “बाबांचा नातू परवा नवी बुलेट घेऊन आला, तर बाबा मागं बसून गावभर फिरून आले.”

पांढुर्लीत मिसळ खाताना सगळे मजेत होते, पण मला जरा बोचत राहिलं. आम्ही अकरा जण हौसेने जे करत होतो ते करायला लागू नये म्हणून त्या बाबांनी वीस वर्षं पायडल मारलं. इटलीत गायोले नावाच्या गावात १९९७ पासून जुन्या सायकलींची अशीच एक फेरी निघते, एरोइका नावाची. १९८७ च्या आधीच्याच सायकली चालतात तिथे. ती सुरू झाली ती तिथले खडीचे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून. वाचायला किती छान वाटतं! पण आमच्या फाट्यावरच्या बाबांना सांगा की कच्चा रस्ता जतन करू या. काय म्हणतील?

नाशिकला आता सायकलचं नाव मोठं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलंय, २०१७ पासून. वेळ काढून बघून याच. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण जी सायकल विक्रम करायला नाही तर दूध पोचवायला चालली, तिचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? तिच्यावर तिकीट निघालं नाही. नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पितळी बिल्ला द्यायच्या, त्याच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या असतील. रात्री बत्ती नाही म्हणून किंवा डबलसीट म्हणून पोलिसाने चाकातली हवा सोडली, त्याची तर कुठे पावतीही नाही.

परत येताना देवळालीच्या उतारावर पायडल न मारता जात होतो, तेव्हा पहिल्यांदाच सायकल नीट पाहिली. पुढच्या दांडीवर एका ठिकाणी रंग पूर्ण उडालाय. हातभर जागा. तिथे बाबा बसायचे शाळेत जाताना, आणि त्यांच्या आधी आत्या. आत्याने याच सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलं आणि आजीचा मार खाल्ला. कॅरिअर डावीकडे झुकलंय, दळणाच्या डब्यांनी. सीटच्या मागच्या दोन स्प्रिंगांपैकी उजवी जास्त दबलेली आहे. आजोबा उजव्या अंगाला कलून बसायचे हे मला माहीत होतं, पण कोणी सांगितलं होतं ते आठवत नव्हतं. हँडलजवळ तार गुंडाळून तुटलेली आहे, तिथे बिल्ला असणार.

आम्ही लोक सर्व्हर बिघडला की आधी लॉग फाईल उघडतो. कोण कधी आलं, काय केलं, सगळं तिथे असतं. ही सायकल म्हणजे लॉग फाईल आहे. आजोबांनी डायरी लिहिली नाही, फोटो तर एकूण चार. चौतीस वर्षांच्या नोकरीची घरात उरलेली नोंद म्हणजे ही बावीस किलोची वस्तू. आणि मी तिच्यावर सँडपेपर मारून छान चकचकीत काळा रंग लावणार होतो!

दुपारी घरी आल्यावर रंगवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याला कारण पटलं नाही. “अहो, गंज खाईल तिला,” म्हणाला. ते त्याचं बरोबर आहे. म्हणून आता दर महिन्याला तेलाचा बोळा फिरवायचा असं ठरवलंय. बघू किती महिने टिकतं ते.

संध्याकाळी वडिलांना फाट्यावरच्या बाबांची गोष्ट सांगितली. वाटलं ते हसतील. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनाही सायकल आवडायची नाही.” मी चाट पडलो. “मग रिटायर झाल्यावरही रोज पुसत का असायचे?”

“हप्ते फेडले होते ना तिचे,” बाबा म्हणाले.

असो. गुडघे दुखताहेत. पुढचा रविवार झोपण्यासाठी राखीव.